जांभळीखालचे पान

मुक्ताबाईंनी आयुष्यात दिलेला शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. मग पतीच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी तो पडू देतील? छे! पहाटे पुरण वाटता वाटताच त्यांनी नणंदेला बजावले, "वन्सं, पान ठेवून मी मागे वळायच्या आत कावळा शिवेल. माझ्या घरात ह्यांची एकही इच्छा मागे राहिलेली नाही!"

नणंद बयाबाई आदल्या संध्याकाळी घोरावाडीहून आल्या होत्या. दादाला त्या घरात पोटभर मिळाले, पण मनासारखे कधी मिळाले नाही, असे त्या चाळीस वर्षे साऱ्या सोयऱ्याधायऱ्यांत सांगत आल्या होत्या. आता त्या एवढेच म्हणाल्या, "बगू की, वहिनी. कावळा काय कुनाच्या धाकात ऱ्हात न्हाई."

पान ठेवायचे होते टाकवे गावाखालच्या नदीकाठी, जुन्या जांभळीखाली. अंबाजी मालक रोज सकाळी तेथवर फिरून येत. लग्न होताच मुक्ताबाईंनी त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ घातली होती आणि मांसमच्छीचे नावही घरातून हद्दपार केले होते. नदीवरच्या फेरीचाही मालकांनी असाच नेम धरला. परतताना तोंडात बडीशेप असे. 'नेमाचा माणूस!' असे मुक्ताबाई चारचौघींत अभिमानाने सांगत. गेल्या काही वर्षांत तो काठ वन्यजीवांसाठी राखीव झाला होता; मुरमाची पायवाट, पक्ष्यांच्या पाट्या आणि फाटकावर रखवालदार शिदू.

"मावशी, आत खायाचं न्यायाचं न्हाई," शिदू हात जोडून म्हणाला. "पाखराला, जनावराला घास टाकायचा न्हाई, असा नेम हाय."

"जनावराला?" मुक्ताबाईंच्या आवाजासरशी पाण्यावरचे बगळे उडाले. "माझे मालक जेवायला येणार आहेत!"

"व्हय, पर येनार कावळ्याच्या रूपानं. आन् कावळा हितला हाय."

मुक्ताबाईंचा मुलगा ओंकार याला दुपारपाळीसाठी नवलाख उंबरे गावातला कारखाना गाठायचा होता. त्याने शिदूला बाजूला घेऊन विनवले. अखेर शिदू विरघळला. "एकच पान. आन् मी संगं येतो." चौकीत माकडे शिरतात म्हणून त्याने आपला जेवणाचा डबाही काखोटीला मारला.

जांभळीखालच्या कातळावर पान वाढले गेले. पुरणपोळी, खीर, वडे, आमटी, अळूची भाजी. मुक्ताबाईंनी पाणी फिरवले, हात जोडले आणि त्या मागे वळल्या. वर, एका तुटक्या फांदीच्या खुंटावर कावळा बसलाच होता. त्याने मान वाकडी करून पानाकडे पाहिले. मग दुसरीकडून पाहिले. मग त्याने चोच फांदीला पुसली.

"वळून झालं, वहिनी?" बयाबाईंनी विचारले.

एवढ्यात दोन वानरे खाली उतरली आणि त्यांनी पुरणपोळी लांबवली! शिदूने डबा कातळावर ठेवला आणि काठी घेऊन तो त्यांच्यामागे धावला. सुनेने, सविताने, दुसरी पोळी वाढली. पायवाटेवरून दुर्बिणी घेतलेले पुण्याचे एक जोडपे आले आणि श्वास रोखून उभे राहिले.

"कोणता आहे?" त्यातल्या बाईने ओंकारला कुजबुजत विचारले.

"आमचे वडील," ओंकार गंभीरपणे म्हणाला.

मग विनवण्या सुरू झाल्या. "आबा, बैलजोडी विकणार नाही," ओंकार म्हणाला. कावळा ढिम्म. "मामंजी, तुमची खोली भाड्याने देणार नाही," सविता म्हणाली. कावळ्याने पंख खाजवला. शेवटी बयाबाई पदर सावरून पुढे झाल्या. "दादा, बांधावरचा आंबा मी सोडला रं! त्याच्यावर माझा हक न्हाई!" कावळ्याने पाठ फिरवली. "न्हाई शिवला," बयाबाई लगेच म्हणाल्या. "म्हंजी आंबा माझाच."

"आई, दर्भाचा कावळा करून शिववूया का?" ओंकारने घड्याळाकडे पाहत विचारले.

मुक्ताबाईंचा चेहरा उतरला. दर्भाचा कावळा! म्हणजे मालक अतृप्त गेले, हे सूर्यास्तापूर्वी घोरावाडीपर्यंत पोहोचणार. त्या एकट्याच कातळाजवळ गेल्या. आवाज आयुष्यात प्रथमच खाली आला. "अहो, काय राहिलं? मी विचारलं नसेल कधी. आता विचारते आहे."

बयाबाईंनीही डोळ्यांना पदर लावला.

कावळा उडाला! तो थेट खाली आला, पानावरून सरळ पलीकडे गेला आणि शिदूच्या डब्यावर उतरला. सैल झाकण चोचीने उलटवून त्याने भाजलेला बोंबील उचलला आणि पुन्हा खुंटावर जाऊन बसला.

"अगं बया!" बयाबाईंनी टाळी वाजवली. "लगनाआधी दादाला ह्याच्याबिगर भाकर उतरत नव्हती! चाळीस वर्सं तळमळला गं माझा भाऊ!"

वानरे हाकलून परतलेला शिदू उघड्या डब्याकडे पाहून कळवळला. "आरं, आज बी माझंच?"

"आज *बी*?" मुक्ताबाईंनी विचारले.

शिदूने टोपी काढली. "मावशी, रागवू नका. आबा रोज माळ त्या खुटाला अडकवायचं. माझ्यासंगं दोन घास खायाचं. ह्याला काटं टाकायचं. नेमाच्या इरुद्ध हाय, मला म्हाईत हाय, पर आबांना न्हाई कोन म्हननार? मंग नदीवर चूळ, बडीशेप आन् माळ परत गळ्यात."

सगळे वर पाहू लागले. खुंट झिजून गुळगुळीत झाला होता.

मुक्ताबाई ताठ मानेने नणंदेकडे वळल्या. "ऐकलंत ना, वन्सं? ह्यांची एकही इच्छा मागे राहिली नव्हती! मी पहाटेच म्हटलं होतं."



मुक्ताबाईंनी श्राद्धाचे पान उचलून शिदूपुढे ठेवले. "जेव. तुझा डबा आमच्याकडेच गेला." सगळे फाटकाकडे निघाल्यावर त्या मात्र जरा मागे रेंगाळल्या आणि इकडेतिकडे पाहून हलकेच म्हणाल्या, "शिदू, ह्यांना नुसते भाजलेले आवडत, की वर लसूण?"

"लसूण, मावशी. लय लसूण."

"अस्सं!" मुक्ताबाई म्हणाल्या. "म्हणून एवढी बडीशेप!"