कातडीचा ताबा

चंपूबाई तांडेल यांच्या भाजलेल्या उजव्या हातावर लावलेल्या जेलमधल्या दोन्ही घटकांनी एके दिवशी सकाळी काडीमोड मागितला. घटक दोनच: कोळंबीच्या सालांपासून काढलेली ती आणि कारखान्यात तयार झालेला तो. दोघांची गाठ प्रयोगशाळेत मारलेली. ही गाठ सुटली असती तर खाली धरू लागलेली नवी कातडी फाटली असती, आणि चंपूबाईंना पुन्हा कोयता धरता आला नसता. त्या मासळी कापून विकतात.

रुग्णालयाने डॉक्टरऐवजी समुपदेशक पाठवल्या. इतकी वर्षं बातमीदारी केल्यावर याचं नवल वाटत नाही, नुसता थकवा येतो.

समुपदेशक वैशंपायनबाईंनी खुर्ची ओढली आणि हाताकडे तोंड करून दोघांचं ऐकून घेतलं. त्याचं गाऱ्हाणं असं, की ताण सगळा तो सोसतो, पण खोक्यावर ठळक अक्षरांत ‘नैसर्गिक’ एवढंच छापतात. तिचं म्हणणं, जखम शांत ती ठेवते, आणि हा उठताबसता तिच्या माहेरच्या वासावरून बोलतो.

“मग माझ्या हातावर आलास कशाला, बाबा?” चंपूबाई त्याला म्हणाल्या. “इथं तोच वास आहे.”

त्याने वासाचा विषय सोडला. कातडी धरेपर्यंत नांदायला दोघं तयार झाले. पण मग कातडी कुणाकडे राहणार, यावरून पुन्हा जुंपली. दोघंही म्हणत होते, मी वाढवली.

मी विचारलं, हात कुणाचा आहे?

“हाताबद्दल वाद नाही,” वैशंपायनबाई म्हणाल्या. “वाद कातडीचा आहे. तुम्ही मध्ये बोलू नका.”

मी बोललो. मला वॉर्डाबाहेर काढलं. चंपूबाईंनी आतूनच सांगितलं, “भाऊ, राहू द्या. हात वाचतोय ना?”

कातडी धरली. ताबा आईकडे, म्हणजे कोळंबीच्या सालांतल्या तिच्याकडे गेला. ती बंदरावर परतली, आणि चंपूबाई तिथेच बसतात म्हणून सोयीचंही झालं. बाप एमआयडीसीतल्या आपल्या कारखान्यात कामावर परतला; त्याला रविवारी भेट मिळाली. रविवार म्हणजे मासळीच्या धंद्याचा मोठा वार. वार बदला, म्हणून मी वैशंपायनबाईंशी फोनवर भांडलो. उत्तर मिळालं, इतर दिवशी त्याला ड्यूटी असते.

आता दर रविवारी चंपूबाई एमआयडीसीच्या फाटकाशी जाऊन बसतात आणि बाही वर करतात. तो फार बोलत नाही. उन्हात धरू नका, कोवळी आहे अजून, एवढंच म्हणतो. त्या हातावर पदर ओढून घेतात.