दोन माणसांची रेकॉर्ड

चष्मेवाल्यांची रेकॉर्ड त्या रविवारी अडकलीच नाही आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

रेकॉर्ड अडकली नाही तर दुसरा कुणीही खूश झाला असता. पण चष्मेवाल्यांचं सगळंच उलटं. दिवसभर दुकानात बसून ते गिऱ्हाइकांना सांगत, "काचेवर ओरखडा पडलाय, बदलून टाका. उगाच जीव कशाला लावता?" आणि घरी आले की जॅझच्या रेकॉर्ड्सनी छतापर्यंत भरलेल्या कपाटातून नेमकी ओरखडा पडलेली तेवढी काढून बसत. ते कपाट भरायला पैसे हवेत म्हणून उभ्या जन्मात त्यांनी एक धड सुट्टी घेतली नव्हती. मोठमोठे पियानोवाले आणि सॅक्सोफोनवाले त्यात अंग चोरून उभे होते, आणि हे मात्र दर रविवारी त्या एकाच ट्रम्पेटवाल्याला बाहेर काढत.

धून तशी संथ. दुसऱ्या बाजूला मध्यावर, ट्रम्पेट वर चढायला लागला की सुई अडकायची. तेच चार सूर पुन्हा पुन्हा. मग स्वयंपाकघरातून बायको हातातलं काम न सोडता ओट्यापुढच्या फळीवर पाय आपटायची. धप्प! जमीन लाकडी होती आणि ती फळी थेट प्लेअरच्या टेबलाखाली गेलेली. सुई टुणकन उडी मारून पुढे जायची. खुर्चीतून चष्मेवाले ओरडायचे, "आभारी आहे!" आणि आतून उत्तर यायचं, "वाजवायच्या आधी आपसात ठरवून घ्या म्हणावं त्यांना!"

बायकोला जॅझचा भयंकर कंटाळा. स्वयंपाकघरात कुणी भांडी पाडली तर ती मुलीला म्हणायची, "अगोबाई, तुझ्या बाबांचा ड्रमवाला आला वाटतं." मुळात तो ओरखडाही तिनेच धूळ पुसताना अंगठीने पाडलेला. पण इतक्या वर्षांत तिचा पाय कधी लवकर पडला नाही की उशिरा पडला नाही.

ती गेल्यावर चष्मेवाल्यांनी एकदा स्वतः जाऊन त्या फळीवर पाय आपटून पाहिला. सुई उडाली, धूनही पुढे गेली. पण तोवर हे स्वयंपाकघरात आणि खुर्ची रिकामी. ही दोन माणसांची रेकॉर्ड आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यानंतर दर रविवारी ते ती लावायचे, चार सुरांपाशी पोचायचे आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसायचे. तिची फार आठवण यायची. मग उठून ते सुई उचलून ठेवायचे. तरी पुढच्या रविवारी पुन्हा तेच, कारण त्या चार सुरांपुरती ती आत आहे, आता पाय आपटेल, असं वाटायचं.

हे सगळं जावयाने पाहिलं होतं. जावई मोठा गुणी. मोडकं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवत. सासऱ्यांचा गळका नळ त्याने दुरुस्त केला होता, कुरकुरणारं दार गप्प केलं होतं. आता त्याने या रेकॉर्डचं मनावर घेतलं. गावभर हिंडून त्याने तीच रेकॉर्ड कोरी करकरीत मिळवली, गुपचूप जुन्या कव्हरात घातली आणि त्या रविवारी सासऱ्यांच्या वाढदिवसाला हजर झाला. त्याची बायको, म्हणजे चष्मेवाल्यांची मुलगी, त्या दिवशी कामावर होती. तिला त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं.

चष्मेवाले खुर्चीत बसले. ट्रम्पेट वर चढायला लागला, आणि चढून गेला.

"कशी वाटली?" जावयाचा चेहरा नुसता फुलला होता.

"पुढे गेली," चष्मेवाले म्हणाले.

"जाणारच! एक ओरखडा नाही, बाबा. तुम्ही दर रविवारी कसे अडकून बसायचा, बघवत नव्हतं."

"जुनी कुठाय?"

"ती दिली दुकानदाराला. तो म्हणाला, फेकायच्याच लायकीची आहे."

"छान," चष्मेवाले म्हणाले. एवढ्या मायेने आणलेल्या वस्तूपुढे माणूस आणखी काय बोलणार? रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता ते रेकॉर्डवाल्याकडे जाऊन उभे राहिले.

"मला ती खराब रेकॉर्ड परत हवी."

"अहो काका, तुमच्या जावयाला चांगली दिलीय मी. काही तक्रार आहे का?"

"आहे ना. अडकत नाही ती."

रेकॉर्डवाल्याने त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. मग शक्य तितक्या हळुवार आवाजात सांगितलं की खराब माल तो कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याला देतो. तो भिंतीला लावतो.

कॉफीवाल्याने खरंच भिंत मढवली होती. मधल्या भोकातून एकेक खिळा, आणि नावाच्या जागी चिकटवलेले कॉफीच्या प्रकारांचे कागद. चष्मेवाल्यांनी खिशातून भिंग काढलं, एक खुर्ची ओढली आणि तिच्यावर चढून ते गिऱ्हाइकांच्या डोक्यावरून भिंत तपासू लागले.

"पाल आहे का हो?" खाली बसलेल्या बाईंनी कप झाकत विचारलं.

"नाही नाही. ओरखडा शोधतोय."

बाई कप घेऊन दुसऱ्या टेबलावर गेल्या. तेवढ्यात चष्मेवाल्यांना तो दिसला. किंचित वाकडा, शेवटाला बारीकशी शेपटी. 'कडक काळी, बिनसाखरेची' या कागदाखाली त्यांची रेकॉर्ड लटकत होती.

"हात नका लावू!" कॉफीवाला धावत आला. "भिंत उघडी पडेल माझी."

"दुसरी आणून देतो."

घरी जाऊन ते नवी रेकॉर्ड घेऊन आले. ती देताना जावयाचा फुललेला चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. तरी त्यांनी ती दिली. कॉफीवाल्याने उलटून पालटून पाहिली.

"फारच चकचकीत आहे हो. जुनी वाटत नाही. थोडे ओरखडे पाडून देता का?"

"ते तुमचं तुम्ही बघा," म्हणून चष्मेवाले आपली रेकॉर्ड छातीशी धरून निघाले. चष्मे पुसायच्या पाण्याने त्यांनी तो कागद भिजवून सोडवला, रेकॉर्ड कव्हरात घातली आणि ठरवलं की याबद्दल कुणाला अवाक्षर सांगायचं नाही.

पण पुढच्या रविवारी मुलगी आणि जावई दोघंही आले. चहा झाला. कप विसळायला मुलगी आत गेली तसा जावई उठला.

"अगं, आतूनच ऐक. बाबांना काय आणलंय बघ!"

"आज नको," चष्मेवाले घाईने म्हणाले. "डोकं दुखतंय."

"मग हीच लावायला हवी." जावयाने कव्हर उघडून नाक पुढे केलं. "कॉफीचा वास कसला येतोय?"

उत्तराची वाट न बघता त्याने सुई ठेवली. चष्मेवाले डोळे मिटून बसले. ट्रम्पेट वर चढायला लागला आणि अडकला. चार सूर. पुन्हा चार सूर.

जावयाचा चेहरा पडला. "फसवलं मला! नवी कोरी म्हणून दिली त्याने! बघतोच आता त्याच्याकडे…" तो प्लेअरकडे झेपावला.

"हात लावू नका!"

सासऱ्यांचा असला आवाज जावयाने आजवर ऐकला नव्हता. तो जागच्या जागी उभा राहिला. चार सूर चालूच होते. चष्मेवाले सवयीने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. आत नळ वाहत होता.

धप्प!

सुई टुणकन उडाली. ट्रम्पेट वर गेला.

"आभारी आहे!" चष्मेवाले ओरडले. तोंडातून शब्द गेल्यावर त्यांना कळलं की आपण ओरडलो.

आतला नळ बंद झाला. मग आवाज आला, "वाजवायच्या आधी आपसात ठरवून घ्या म्हणावं त्यांना!"

आवाज मुलीचा होता, पण त्यातला वैताग थेट तिच्या आईचा. पाठोपाठ ती साबणाच्या हातांनी दारात आली. "बाबा, अहो, माझा पाय आपोआपच…" ती हसत होती आणि कोपराने डोळे पुसत होती. चष्मेवाल्यांना डोळे पुसायचीही शुद्ध नव्हती. बायको गेल्यापासून प्रथमच ही रेकॉर्ड ओरखड्यापुढे गेली होती आणि ते खुर्चीत होते.

धून संपली. मग जावई खालच्या आवाजात म्हणाला, "उद्या बदलून आणतो, बाबा."

"जावईबापू, बसा इथे. तुम्ही नळ दुरुस्त केलात, दार दुरुस्त केलंत, तुमचे उपकार आहेत. पण ती जागा आली की हलायचं नाही. ते स्वयंपाकघराचं काम आहे."

जावयाने मान डोलावली. मग कव्हर पुन्हा हुंगून तो म्हणाला, "म्हणजे ही जुनी आहे. मग नवी कुठे गेली?"

"चांगल्या जागी आहे. खिडकीशेजारी. एकदा कॉफी प्यायला जाऊ, तेव्हा दाखवतो." चष्मेवाल्यांनी सुई उचलून पुन्हा सुरुवातीला आणली आणि मुलीकडे पाहिलं. "परत लावू?"

मुलगी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. तिथे विसळायला आता एकही कप उरला नव्हता.