गुलाबी पाण्याची राखण

निलेशनं गाडीचं पाणी बघायचं काम बापाकडे सोपवलं ते निव्वळ बापानं सकाळी सकाळी मोठ्यानं टीव्ही लावू नये म्हणून. पण जनूनं ते काम असं अंगावर घेतलं, की जणू सरकारनं धरणच त्याच्या ताब्यात दिलंय.

पेणच्या खाडीकाठी मिठागरात चाळीस वर्षं त्यानं दुसरं केलं तरी काय होतं? पाणी आत घ्यायचं, उन्हात ठेवायचं आणि ते उडून जाईपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचं. (एवढ्या सबुरीच्या माणसाला शाळा कशी मानवली नाही, हे मास्तरांनाही कोडं होतं. जनूचं म्हणणं, तिथं बघत बसावं असं काही वाळतच नव्हतं.)

तर रोज सकाळी अंगणातल्या चंदेरी गाडीचं बॉनेट उघडायचं, टाकीचं झाकण काढून इंजिन थंड ठेवणारं गुलाबी कूलंट कुठल्या रेघेपर्यंत आहे ते बघायचं, झाकण लावायचं आणि चहाला आत येऊन जाहीर करायचं, "हाय बरोबर!"

पण दुसऱ्याच दिवशी तो आत आला तो गप्पच.

"काय झालं वो?" बायकोनं, हौसानं विचारलं.

"उतरलंय. बोटभर."

निलेशनं टाकी रेघेपर्यंत भरली, रोह्याला कंपनीत जाऊन पहिली शिफ्ट करून आला. सकाळी पुन्हा बोटभर कमी. पुन्हा भरली, पुन्हा कमी. एकदा तर नागोठण्याच्या पुढे इंजिनाच्या तापमानाचा काटा एवढा वर गेला की निलेशला गाडी बाजूला घेऊन अर्धा तास झाडाखाली उभं राहावं लागलं. आणि अंगणात बघावं तर एक थेंब नाही! जनूनं गाडीखाली पुठ्ठा अंथरला. पुठ्ठा कोरडा. सुनेनं, प्रतिक्षानं, आपली जुनी पांढरी ओढणी दिली. ओढणीवर मांजर येऊन झोपलं. जनूनं दोन दिवस मांजरावर पाळत ठेवली. मांजर निर्दोष निघालं.

शेवटी वडखळहून हैबतराव मेकॅनिक आला. त्यानं झाकण काढून त्या जागी आपला हातपंप बसवला, हवा भरली आणि पंपाच्या काट्याकडे बघत एक पान सावकाश चघळलं. काटा जागचा हलला नाही.

"लीक नाय," तो म्हणाला. "बाहेर जात नाय, म्हंजे आत जातंय. इंजिनातलं हेड गॅसकेट गेलंय. इंजिन खोलायला लागंल."

घरातल्यांचे चेहरे असे झाले, की जणू डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख दिली.

"बस झालं," निलेश म्हणाला. "कंपनीतला माझ्याबरोबरचा आदर्श कधीचा मागं लागलाय, गाडी मला विक म्हणून. येत्या रविवारी रोह्याला नेऊन त्याला देऊन टाकतो. मी आपला ट्रेननं जाईन."

चुलीपाशी हौसाची भाकरी थापायची थांबली. तिची बहीण पुतळी रोह्यात राहायची. हौसाचे गुडघे असे, की एसटीची पायरी असो की ट्रेनची, ती बघूनच परत फिरायची. गाडी आली तशी ती महिन्यातून एकदा बहिणीला भेटायला लागली होती.

"दे की. मी फोनवर बोलंन तिच्याशी," असं म्हणून हौसा पुन्हा भाकरी थापू लागली. पण तो आवाज जनूच्या ओळखीचा नव्हता.

"मला शनवारपर्यंत दे," जनू म्हणाला.

"बाबा, हैबतरावाला नाय कळलं..."

"त्याला पंप कळतो. मला पाणी कळतं."

शनिवारी निलेश शिफ्ट करून आला तसा जनूनं बॉनेट उघडायला लावलं, समोर स्टूल ठेवलं, चष्मा चढवला आणि बसला. एक तास गेला, दुसरा गेला. (शेजारची सरू दोनदा विचारून गेली, काका गाडीवर रुसलेत काय.)

मिठागरात पाणी कुठून झिरपतंय ते ओल्यात दिसत नाही. वाळल्यावर दिसतं. पाणी जिथून गेलं तिथं पांढरी कड उरते. इंजिन निवलं तशी जनूला ती कड दिसली. टाकीच्या झाकणाखाली, आट्यांच्या भोवती, गुलाबीसर पांढरी पूड. त्यानं ती बोटावर घेतली आणि सवयीनं जिभेकडे नेली.

"बाबा, विष हाय ते!" प्रतिक्षा किंचाळली.

त्या किंचाळीनं सगळं घर अंगणात जमलं.

"सापडलं!" जनूनं बोट वर केलं. "इथनं वाफ जाते. गाडी चालते, पाणी तापतं, उडून जातं. खाली थेंब पडंल कसा?"

निलेशनं वाकून पाहिलं. बापाकडे त्यानं इतक्या कौतुकानं दहावी पास झाल्यावरही पाहिलं नव्हतं. (तेव्हा तो स्वतःकडेच पाहत होता.)

"मानलं, बाबा! झाकण खराब झालंय." त्यानं झाकण फिरवलं. ते आणखी थोडं फिरलं आणि कट्ट करून बसलं. "नाय, झाकण चांगलं हाय. नीट लावलेलंच नव्हतं."

"व्हय ना!" जनू रंगात आला. "कोण असा गाढव..."

निलेशनं बापाकडे वळून पाहिलं.

"बाबा, झाकण रोज कोण लावतं?"

"मी. पण मी नीट लावतो. पुरतं आवळतो आणि पाव आटा मागं घेतो."

"मागं?"

"मग? पुरतं आवळलं की खाऱ्या हवेत जाम होतं. मिठागराच्या पंपाचा एक नट कधी पुरता आवळला नाय मी. चाळीस वर्षांत एक जाम झाला नाय!"

"बाबा, हे प्लॅस्टिक हाय."

"तरीच म्हणते," हौसा म्हणाली, "तेलाची बाटली उचलली की झाकण माझ्या हातात नि बाटली जमिनीवर!"

"आणि मोरीतला नळ," प्रतिक्षा म्हणाली.

"आणि माझ्या सायकलचं पुढचं चाक," निलेश हळूच म्हणाला. "सातवीत."

रविवारी झाकण निलेशनं स्वतः आवळलं. गाडी सगळ्यांना घेऊन रोह्याला पुतळीच्या दारात पोचली, तासाभरानं बॉनेट उघडून पाहिलं, तर पाणी रेघेला रेघ. विकायचं नाव कुणी काढलं नाही. हौसानं मात्र चपला काढायच्या आधीच पुतळीला सगळी हकीकत सांगितली आणि पुतळीनं ती पाणी भरता भरता आळीभर पोचवली. गाडी न्यायला आलेल्या आदर्शला ती दारातच ऐकायला मिळाली. तो येऊन जनूशेजारी बसला. तोंड एवढंसं झालं होतं.

"काका," तो अदबीनं म्हणाला, "आमच्या आळीत एक गाडी हाय. मालकानं फुलासारखी ठेवलीय. काय केल्या विकत नाय. तुम्ही आठ दिवस येऊन तिचं पाणी बघाल काय?"

पुतळीच्या हातातल्या ट्रेमधला चहा डुचमळला. निलेश भिंतीकडे तोंड करून हसला. जनूनं मात्र विचार करत बशीतला चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

"पाहटंच यायला लागंल," तो म्हणाला. "इंजान थंड असताना."