चौदा नंबरची कुंडी

शुक्रवारी संध्याकाळी घुम्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत एका जीर्ण पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होता, तेव्हा आत्याचा फोन आला. "रविवारी अकराला पोचते. बाग बघायची आहे," एवढेच बोलून तिने फोन ठेवला. घुम्याच्या हातातला ब्रश खळीत बुडाला, तो बुडालेलाच राहिला.

तीन वर्षांपूर्वी आत्या लेकीकडे राहायला गेली, तेव्हा घराची किल्ली तिने या अबोल भाच्याच्या हातात ठेवली होती. "भिंतींना पोपडे आले तर येऊ देत, घुम्या. पण मागची बाग सुकली तर किल्ली परत घेईन हो!" आत्या बोलली की करते, हे साऱ्या घराण्याला ठाऊक होते, आणि घुम्याला या घराखेरीज दुसरे छप्पर नव्हते.

बाग पहिल्याच उन्हाळ्यात सुकली. पुढे तिथे रान माजले. खरे सांगायचे तर तोंड उघडावे लागते, आणि नेमके तेच त्याला आयुष्यात जमले नव्हते. मग एका रविवारी सकाळी त्याने माडीच्या खिडकीतून शेजारच्या बागेचा फोटो काढला, त्याखाली दोन ओळी लिहिल्या आणि आत्याला पाठवून दिला. 'आज उजेड पानांवर बराच वेळ बसून होता,' असे काहीतरी. त्यानंतर दर रविवारी एक, असे सव्वाशेच्या वर फोटो गेले. गेल्या रविवारी मात्र ओळी सुचल्या नव्हत्या. फोटो नुसताच गेला होता. ती बाग एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची होती. त्यांच्याशी घुम्याचे संभाषण तीन वर्षांत 'नमस्कार'पुढे सरकले नव्हते.

शनिवारी रजा टाकून तो कोयता घेऊन रानात उतरला. कमरेएवढे गवत, त्यात गंजून पडलेली खुर्ची, दांडा नसलेले खुरपे. कांद्यासारखे काही गड्डे फावड्याला लागले. तेही त्याने कचऱ्याच्या ढिगावर फेकले. दुपारपर्यंत तळहातांना फोड आले आणि जमीन स्वच्छ झाली. मग तो मागे सरून ती पाहू लागला. रानाला निदान हिरवा रंग तरी होता. आता समोर शुद्ध टक्कल होते.

तो रोपवाटिकेकडे धावला.

"फुलं कधी हवीत?" माळ्याने विचारले.

"उद्या. अकराला."

माळ्याने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. "साहेब, झाडाला घड्याळ कळत नाही. समारंभाला देतो तशा कुंड्या देऊ का? सोमवारी परत."

"जमिनीत पुरल्या तर चालेल?"

"पुरा की! पण नंबर पुसू देऊ नका. आणि पाणी बेतानं. माती भुसभुशीत असली की खचते."

टेम्पोतून चोवीस कुंड्या आल्या. प्रत्येकीच्या काठाखाली पांढऱ्या रंगाने ठसठशीत आकडा होता. घुम्याने चोवीस खड्डे खणले, कुंड्या गळ्यापर्यंत पुरल्या आणि आकड्यांवर माती ओढली. उतरवताना गुलाबाची एक फांदी मोडली, तिला त्याने खळ लावून कापडी पट्टी गुंडाळली. पाठ उसवलेल्या पुस्तकाचे तो हेच करीत असे.

रविवारी आत्या अकराऐवजी दहाला आली आणि चपलाही न काढता थेट मागे गेली.

तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. घुम्या दाराच्या चौकटीला चिकटून उभा होता. रोप दिसले की ते बुंध्याशी धरून हलकेच ओढून पाहायची आत्याची जुनी सवय होती. ती पहिल्याच झेंडूशी वाकली.

"आत्या, चहा!" घुम्या किंचाळला.

"ओरडतोस काय? मी काय बहिरी झालेय?" ती सरळ झाली आणि गुलाबाच्या फांदीकडे वळली. "हिला काय झालं?"

"पडली होती."

"आणि पट्टी?"

"मी बांधली. खळ लावून."

"हाड जुळेल म्हणतोस?"

आत्याने कोपऱ्यातली पाण्याची नळी उचलली.

"मी घालतो ना पाणी!"

"तीन वर्षं तूच घातलंस. आज मला घालू दे."

पाणी सुटले. आधी माती नुसती काळी पडली. मग ती हळूच बसली, आणि पहिल्या ओळीत लाल मातीचा एक काठ वर आला. त्याखाली एक पांढरा सात. मग आठ. मग नऊ. आत्या शांतपणे पुढे सरकत होती आणि तिच्यामागे आकडे वर्गातल्या मुलांसारखे एकेक करून उभे राहत होते. घुम्याने खिशातली किल्ली घट्ट धरली.

"चौदा नंबरला पाणी जरा जास्तच झालं वाटतं," आत्या म्हणाली आणि तिने नळी खाली ठेवली.

"आत्या, मी..."

"आपल्या बागेत शेजारची भिंत कुठल्या हाताला आहे रे?"

"उजव्या."

"फोटोत तीन वर्षं डाव्या हाताला होती."

घुम्याने मान खाली घातली आणि किल्ली पुढे केली. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू फोटो थांबवला असतास. फोनवर तर 'हं' आणि 'बरं' यापलीकडे तुझ्या तोंडून काही निघत नाही. त्या दोन ओळींतच काय तो भेटायचास." तिने ओले हात पदराला पुसले. "गेल्या रविवारी ओळी नव्हत्या. म्हटलं, पोरगं आजारी आहे की काय."

तेवढ्यात भिंतीवरून मुख्याध्यापिकाबाईंचे डोके वर आले. "आलात का ताई? बरं झालं! अहो, आज याचा फोटो अजून निघाला नाही. माझे ओले कपडे सकाळपासून बादलीत पडलेत!"

"म्हणजे... तुम्हालाही?" घुम्याने तीन वर्षांत प्रथमच त्यांना प्रश्न विचारला.

"तीन वर्षं दर रविवारी तुझी खिडकी बंद झाल्यावर वाळत घालते. फोटोत परकर यायला नकोत ना!"

आत्या तोंडाला पदर लावून हसत कचऱ्याच्या ढिगाकडे वळली आणि तिथेच खाली वाकली. तिने त्यातून एक गड्डा उचलला.

"घुम्या, ही माझी लिली. सगळं मेलं, पण ही जमिनीत जिवंत होती. आणि तू बाग दाखवायला हिलाच उपटलीस?"

घुम्याला भूमीने पोटात घेतले असते तर बरे वाटले असते. पण भूमीत चोवीस कुंड्या होत्या. आत्याने त्याच्या हातातून किल्ली घेतली. तिने किल्लीच्या टोकाने गड्ड्यावरची माती खरवडली, कोंब शाबूत असल्याची खात्री केली आणि चिखलाने भरलेली किल्ली त्याच्या हातावर परत ठेवली.

"धुऊन घे. आणि तो चौदा नंबर काढ. तो खड्डा बरा खणलायस."

आत्या मंगळवारी गेली. पुढच्या रविवारी तिला फोटो मिळाला. त्यात उघडी माती होती, चोवीस बुजवलेले खड्डे होते आणि मधोमध नखाएवढा एक हिरवा ठिपका. भिंत उजव्या हाताला होती, आणि तिच्यापलीकडे, रविवारी सकाळी, दोरीवर तीन परकर वाऱ्याने फुगले होते.