बशीतला आजोबा

आप्पा नको म्हणाले तेव्हाच प्रियदर्शनीने विषय सोडला असता, तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण ती दहावीत होती, नुकतीच तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती, आणि समोरचा कोणीही असो, आपण त्याला पटवू शकतो अशी तिची खात्री झाली होती.

किट दिलं होतं विक्रमने. विक्रम म्हणजे तिच्या आक्काचा, रूपालीचा, होणारा नवरा. गाव कोगनोळी, नोकरी बेळगावात. त्याने स्वतःची डीएनए तपासणी आधीच करून घेतली होती आणि मेव्हणीवर छाप पडावी म्हणून एक किट तिलाही आणून दिलं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, नळीत घालायची आणि कुरिअर करायची, की महिन्याभरात घराण्याचं मूळ मोबाइलवर. मूळ शोधायचं तर घरातलं सर्वांत जुनं माणूस हवं, म्हणून ती काडी घेऊन आजोबांकडे गेली.

मष्णू आप्पांनी काडी उलटसुलट करून पाहिली. ही जाणार कुठं, असं विचारलं. लॅबला. लॅबमध्ये कोण असतंय? ते काही तिला माहीत नव्हतं.

"मग वळख न्हाय, पाळख न्हाय, असल्या माणसाला माझ्या तोंडातलं का द्यू?" आप्पा म्हणाले. "नको बाळ."

ती विज्ञानावर बोलली, आनुवंशिकतेवर बोलली, पूर्वजांच्या ऋणावर तर फारच सुंदर बोलली. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, लई छान बोलतीस म्हणाले आणि म्हशीला पाणी दाखवायला निघून गेले.

आता सरळ मार्ग संपला होता. पाण्याच्या ग्लासचा उपयोग नव्हता, कारण आप्पा उभ्या आयुष्यात ग्लासला ओठ न लावता वरून पाणी पिणारे. उरली चहाची बशी. चहा ते बशीत ओतूनच फुर्र करून पीत. सुपारी फोडायला कोगनोळीची मंडळी कंग्राळीला, प्रियदर्शनीच्या घरी, आली त्या दिवशी घरात इतकी गडबड होती, की एक बशी गेली तरी कुणाला कळलं नसतं. प्रियदर्शनीने आप्पांच्या खाटेजवळची बशी उचलली, काठावरून काडी फिरवली आणि ॲपमध्ये आप्पांचं नाव घातलं. शेवटी एक चौकोन आला: नमुना देणाऱ्याची संमती आहे. तिने बरोबरची खूण केली. आप्पांची बशी म्हणजे निम्मे आप्पाच, आणि बशी काही नको म्हणाली नव्हती.

निकाल आला तेव्हा पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि लग्न पंधरा दिवसांवर होतं. घराण्याचं मूळ राहिलं खाली कुठंतरी. सर्वांत वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की मष्णू यांचा जवळचा नातेवाईक सापडला आहे. नाव विक्रम. नातं नातवाचं.

रूपाली तेव्हा शहापूरहून आलेला शालू मांडीवर पसरून बसली होती.

"आक्का, आपले आप्पा दाजींचे आजोबा हायत."

"म्हंजे?"

"म्हंजे तू त्यांची चुलत बहीण लागतीस."

रूपालीने डाग पडू नये म्हणून आधी शालूची घडी घातली, तो डब्यात ठेवला आणि मग रडायला बसली. तेवढ्यात विक्रमचा फोन आला. त्याच्याही मोबाइलवर अभिनंदन, तुम्हाला आजोबा सापडले, असा निरोप आला होता. त्याला एक आजोबा आधीच होते आणि तो त्यांच्यावर खूश होता.

पुन्हा तपासणी करायची तर महिना लागणार. रूपालीने आईला सांगितलं, आईने बाबांना, बाबांनी न राहवून आजीला, नागुबाईला. एकट्या आप्पांना कुणी काही सांगितलं नाही. त्यांना फक्त एवढंच कळलं, की ताटात भाकरी पूर्वी वाढली जायची, ती आता आदळली जाते. चटणी तर बंदच झाली. ते कुणाकडेही बघून हसले की समोरचं माणूस उठून आत जाई.

दुसऱ्या दिवशी जेवताना आजीने विचारलं, "कोगनोळीला कवा गेलता?"

आप्पांचा घास हातात राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

एवढं पुरे होतं. आजीने समोरचं ताट उचललं.

"एकदाच गेलतो," आप्पा मोकळ्या जमिनीकडे बघत म्हणाले. "तेबी आपल्या लग्नाच्या आधी."

संध्याकाळी कोगनोळीहून गाडी आली. विक्रमचे आजोबा यल्लाप्पा, त्यांची बायको मालुबाई आणि मागून विक्रम. यल्लाप्पा बसायलाही तयार नव्हते. माझा नातू तुझा कसा, असं त्यांनी दारातूनच विचारलं. आप्पांनी ही बातमी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. हे कळलं कशावरनं, असं त्यांनी विचारल्यावर सगळं घर प्रियदर्शनीकडे बघू लागलं. पूर्वजांचं ऋण आता तिला आठवेना.

"सुपारीच्या दिवशी, तुमच्या बशीवरनं," ती म्हणाली. "खाटंजवळची."

"खाटंजवळ मी बसलतो," यल्लाप्पा म्हणाले आणि एकदम खाली बसले.

मग उलगडा झाला. त्या दिवशी दोन म्हाताऱ्यांनी एक चहा निम्मा-निम्मा घ्यायचा ठरवला. कपाचा मान पाहुण्याचा, असं आप्पा म्हणत होते. न्हाय, वयानं मोठे तुम्ही, असं यल्लाप्पा. हा आग्रह चहा निवेपर्यंत चालला आणि अखेर यल्लाप्पांनी कप आप्पांच्या हातात कोंबून बशी आपल्याकडे ओढली होती. म्हणजे विक्रमचे आजोबा विक्रमचेच आजोबा निघाले होते. आईने देवापुढे साखर ठेवली. रूपालीने शालूचा डबा पुन्हा खाली काढला.

"म्हंजे माझ्या तोंडातलं मला न इचारता लॅबला गेलं?" यल्लाप्पांना आता नव्याने राग आला.

"तुम्हाला इचारलंच न्हाय," आप्पा म्हणाले. "मी तर न्हाय म्हटलं हुतं."

"चुकलं," प्रियदर्शनी म्हणाली. आजवरचं तिचं हे सर्वांत छोटं भाषण. मोबाइल पुढे करून तिने विचारलं, "आजोबा, ह्यातनं तुमचं सगळं पुसून टाकू?"

"ते बी इचारायला लागतंय?"

"व्हय."

यल्लाप्पांनी मान हलवल्यावरच तिने बटण दाबलं. आता सगळं मिटलं, असं वाटत असताना आजी बाहेर आली.

"ते ऱ्हाऊ दे," ती आप्पांना म्हणाली. "कोगनोळीला एकदा कशाला गेलता?"

आप्पांनी इकडेतिकडे बघितलं. पोरगी बघायला, असं ते पुटपुटले. पोरीनं नकार दिला, विषय संपला. कुठली पोरगी, असं आजीने विचारल्यावर मात्र ते मालुबाईंच्या पायातल्या जोडव्यांकडे बघू लागले. नुकतेच बसलेले यल्लाप्पा पुन्हा उभे राहिले.

"मी कुठं नकार दिलता," मालुबाई शांतपणे म्हणाल्या. "माझ्या बानं दिलता. मला कोण इचारलं?"

"आणि इचारलं असतं तर?" यल्लाप्पांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"आता इचारतायसा व्हय. नातवाचं लगीन ठरल्यावर." मालुबाईंनी पदर सावरला आणि रूपालीकडे वळल्या. "ते सोड. तुला तर इचारलंय न्हवं बाळ, आमचा इक्रम पसंत हाय का?"

बाबांनी आईकडे बघितलं. आईने आजीकडे. पगार विचारला होता, शेती विचारली होती, पत्रिका दोन ठिकाणी दाखवली होती. हे दुसऱ्याने विचारलं असेल, असं प्रत्येकाला वाटलं होतं.

विक्रम निर्धास्त हसला. कालपासून त्याच्यासाठी रडून डोळे सुजवून घेतलेल्या रूपालीने शालूचा डबा शेजारी ठेवला, ताठ बसली आणि सगळ्यांकडे एकदा निवांत बघून घेतलं.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

विक्रम बसायला जागा शोधू लागला.