बोंबील जैसे थे

कांजूरमार्गच्या एका सात मजली सोसायटीच्या गच्चीवर सकाळी बोंबील टांगलेले दिसले. जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीनं, दोरीभर. सातव्या मजल्यावरच्या काशीराम परबांनी लगेच सेक्रेटरी नंदकुमारना फोन लावला, "गच्चीवरसून वास येता. बंद करा."

बोंबील सखुबाईचे होते. मढच्या कोळीवाड्यातलं घर बंद करून ती मुलाकडे, कृणालकडे, राहायला आली होती. "जमलं तर रहीन, नायतर मढ हायच," असं तिनं आल्याआल्याच बजावलं होतं. त्यामुळे तक्रार ऐकताच कृणालचा जीव खालीवर झाला.

नंदकुमार सोसायटीच्या उपविधींचं पुस्तक घेऊनच वर आले.

"मावशी, गच्ची सगळ्यांची असते. एकट्यानं वापरायची नाही. कायदा आहे."

"सगल्यांची, म्हंजे माझीपन?"

"तुमचीपण. पण तुमच्या एकटीची नाही."

"मग माझी कुठली तेवढी दाखव. तेवढ्यातच टांगते."

नंदकुमारनी पुस्तक चाळलं. गच्चीचे वाटे कसे पाडायचे ते त्यात कुठेच नव्हतं. ते म्हणाले, "परवानगी सर्वसाधारण सभाच देऊ शकते. त्यासाठी आधी नोटीस लावायची, मेंबरांना पुरेसे दिवस द्यायचे, मग सभा."

"तवर बोंबील?"

इथे नंदकुमार चुकले. सरळ 'उतरवा' म्हणाले असते तर विषय संपला असता. पण त्यांना कायद्याची भाषा फार आवडायची. "तोवर जैसे थे."

"म्हंजे?"

"आहे तसंच राहणार. कुणी हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सखुबाईनं त्यांचीच बेल वाजवली. "भाऊ, ती घार तुझं जैसे थे घेऊन चालली बघ!"

नंदकुमार काठी घेऊन गच्चीवर धावले. शब्द त्यांनी दिला होता, तो मोडू कसा द्यायचा? घारी गेल्या, तर कावळे आले. कावळे गेले, तर मांजर. शेवटी त्यांनी खुर्चीच वर नेली. बायको चेतना चहा घेऊन आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "ऑफिसला जाणार की बोंबील राखणार?"

"बोंबील नाही गं, मी स्थिती राखतोय!"

हे बिल्डिंगभर पसरलं. सेक्रेटरी नेमकं काय राखतात ते बघायला लोक वर येऊ लागले. त्याचा परिणाम असा झाला, की एरवी ज्या सभेला कोरमअभावी अर्धा तास थांबावं लागे, तिला या वेळी खुर्च्या पुरल्या नाहीत. कृणाल मात्र शेवटच्या रांगेत नखं खात बसला होता. आईनं सकाळीच पिशवी भरून दाराशी ठेवली होती.

"तक्रारदारांनी त्रास नेमका काय ते सांगावं," नंदकुमार म्हणाले.

काशीराम उठले. "वास."

"घाण येतो?"

"घाण खय? बरो येता! तोच तर त्रास." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "डॉक्टरान खारा बंद केलानी. बीपी हा माका. खिडकी उघडलंय की तोंडाक पाणी सुटता. ह्या वयात किती सोसूचा माणसान?"

सखुबाई मेंबर नव्हती, पण नंदकुमारना कायदा आठवेपर्यंत ती बोलूनही गेली, "अरे, पन बोंबलाला मीठ लावतंय कोन? निसत्या उनात वालतो तो!"

काशीराम तिच्याकडे बघतच राहिले. "मीठ नाय?"

"कनभर नाय."

"मग तक्रार मागे!"

नंदकुमार गडबडले. "थांबा! परवानगी द्यायची की नाही, मतदान तर घेऊ!"

"कशाला?" सखुबाई म्हणाली. "कालच वालले. आज सकाली उतरवून डब्यात भरलेत."

नंदकुमार सकाळपासून गच्चीवर फिरकले नव्हते. सभेची तयारी करत होते. आता ठरावात काय लिहावं, हे त्यांना कुठल्याच कलमात सापडेना.

सखुबाईनं त्याच संध्याकाळी पिशवी रिकामी केली. काशीरामांनी डॉक्टरांना विचारून घेतलं आणि वाटीभर बोंबील नेले.

चार-पाच दिवसांनी त्यांनी पुन्हा सेक्रेटरींना फोन लावला.

"तक्रार हा."

"आता काय?" नंदकुमारनी धसका घेऊन विचारलं.

"गच्चीवर एवढा ऊन फुकट जाता. सोसायटी काय करता?"