गाडी लावायला जागा

"'बेघर' हा शब्द काढा," नगरपालिकेतले प्रुइटसाहेब म्हणाले. "लोक बिचकतात."

ग्वेन टोलेफसनने तो जाहिरातीतून काढला. ज्यांना घर नाही, जे आपल्या मोटारीतच झोपतात, त्यांना गाडी निर्धास्त लावायला कुठे जागा द्यावी, याचा नगरपालिकेसाठी ती कधीपासून अभ्यास करत होती. गावोगाव हिंडून झालं, चर्चचं आवार पदरात पडलं, शनिवारी प्रयोग ठरला. नगरसेविका किंबलबाई दुपारी जातीने बघायला येणार होत्या आणि सगळं घोडं त्यांच्याच मतावर अडलं होतं.

"'निवारा'ही नको," साहेब म्हणाले. "'गरजू' तर मुळीच नको."

गाळता गाळता जाहिरातीत उरलं ते एवढंच : 'कार कॅम्पिंग. मोफत. शौचालयाची सोय. आधी येईल त्याला आधी.'

आता कार कॅम्पिंग म्हणजे गाडीत तंबू आणि शेगडी टाकून सुट्टीला जाणं, हे ऑरेगन राज्यातलं शेंबडं पोरही सांगेल. नगरपालिकेत तेवढं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शनिवारी ग्वेन पोचली तेव्हा आवार गच्च भरलं होतं. गाड्यांच्या टपांवर होड्या, शेगड्यांवर सॉसेज, आणि चर्चच्या फलकाला कुणीतरी झोळी बांधून त्यात लोळत पडलेलं.

"अहो, ही जागा ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी आहे!"

"मग तसं लिहायचं की, बाई!" होडी उतरवणारा दाढीवाला म्हणाला. "नदी कुठेय?"

"इथे नदी नाहीये!"

"नाही म्हणूनही लिहिलं नव्हतं तुम्ही."

ग्वेनने कपाळाला हात लावला. तेवढ्यात रॉबर्टा आली, आपली जुनी सुबारू घेऊन. शाळेच्या भटारखान्यात तिची नोकरी, आणि घर म्हणजे ही गाडीच. मागे एकदा नगरपालिकेने रस्त्यावरून ती उचलून नेली होती. पुन्हा नेली तर राहणं आणि कामावर जाणं दोन्ही एकदम बंद.

"ग्वेन, कुठे लावू गं?"

"जरा थांबा, रॉबर्टा."

"थांबायला मी तयारच आहे. कुठे थांबू ते विचारतेय."

शेवटी तिने गाडी रस्त्यावरच लावली, ती नेमकी हार्लन बीझलीच्या दारासमोर. या योजनेला गावात सगळ्यात कडवा विरोध कुणाचा, तर या म्हाताऱ्याचा. किंबलबाईंना घेऊन तो तरातरा आवारात शिरला.

"बघा! घर नाही म्हणे, आणि होड्या आहेत!"

"काका, सॉसेज घेणार?" दाढीवाल्याने विचारलं.

हार्लनने नाक मुरडत एक घेतलं. दुसरं घेताना नाक सरळ झालं. तिसऱ्याला तो किंबलबाईंना म्हणाला, "माणसं चांगली आहेत हो. मी उगाच भलतंसलतं ऐकत होतो."

ग्वेनला राहवेना. "बाई, खरं सांगते, हे लोक बेघर नाहीत..."

"शू! माहितेय मला," किंबलबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "तो शब्द वापरायचा नाही. माझं मत मिळालं म्हणून समजा."

ग्वेन पुन्हा तोंड उघडेपर्यंत बाई गाडीत बसूनही गेल्या.

परत जाताना हार्लनला रस्त्यावरची सुबारू आणि तीत बसलेली रॉबर्टा दिसली. "तुम्हाला नाही मिळाली आत जागा?"

"नाही ना. भरली सगळी."

"रस्त्यावर नका लावू, उचलून नेतात मेले. आजच्यापुरती आत माझ्या अंगणात लावा."

सोमवारी योजना मंजूर झाली. लोकांची एवढी हौस पाहून चर्चचं आवार कायमचं सहलविभागाला देण्यात आलं. "आणि ग्वेन," प्रुइटसाहेब म्हणाले, "त्या दुसऱ्या लोकांसाठी आता नवीन अभ्यास सुरू करा."

ग्वेन काही दिवसांनी रॉबर्टाची माफी मागायला गेली. सुबारू अजून हार्लनच्याच अंगणात होती. पाण्याची नळी हातात घेऊन तो आडवा आला.

"नगरपालिकेच्या ना तुम्ही? गाडीला चिठ्ठी डकवायला आलात? पाहुणीची गाडी आहे ती माझ्या. हात तर लावून बघा!"

"नाही हो, मी सहज..."

"आलाच आहात तर तक्रार ऐका माझी. ती समोरची मंडळी! रोज धूर, रोज गिटार. रॉबर्टाबाईंना पहाटे कामावर जायचं असतं, त्यांनी झोपायचं कधी? आणि चौकशी केली तर काय, प्रत्येकाला म्हणे स्वतःचं घर आहे!" हार्लनने नळी आवाराकडे रोखली. "मग चालते व्हा म्हणावं घरी!"